तळपायांचं खोटं

मला एका जागी बसवत नाही. पूर्वी असं नव्हतं. कुणाच्या बारशाला गेले की पंगत उठेपर्यंत मी बायकांच्या गप्पा ऐकत बसून राहायची, वर आणखी दोन जिलब्या मागून घ्यायची. आता कुणी चहाचं आधण ठेवलंय एवढं म्हटलं तरी माझा पाय हलायला लागतो. गोंडपिपरीत माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं छोटं केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, पीकविमा, कॉलेजचे प्रवेश. दिवसभर मी लोकांचे रकाने भरते. सर्व्हर बंद पडला की लोक निवांत बाकावर बसून तंबाखू मळतात आणि मी दुकानातून निघून बसस्टँडपर्यंत चालत जाऊन परत येते. मी चालल्याने सर्व्हर सुरू होत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी जाते.

दर तीन महिन्यांनी तपासणीला जाणाऱ्या माणसाचं असं होतं म्हणे. रिपोर्ट चांगला आला की पहिला महिना बरा जातो. दुसऱ्या महिन्यात हात मानेकडे जायला लागतो. तिसऱ्यात तर कुणाचा मोबाइल नंबर टाइप करतानासुद्धा मी डाव्या हाताने मान चाचपत असते. तिथेच पहिली गाठ आली होती, मी चोवीस वर्षांची असताना. आधी आम्ही उशीला दोष दिला, मग दाढेला, आणि आईने दृष्टही काढली. शेवटी नागपूरला कळलं की लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर आहे. बरा होणारा आहे, असं डॉक्टर लगेच म्हणाले, पण त्याच्या आधीचं वाक्य ऐकूनच आई मटकन खाली बसली होती आणि आम्ही सगळे तिलाच पाणी पाजत राहिलो.

केमोचे बारा डोस झाले, पंधरा दिवसांनी एक. प्रत्येक डोसला बाबांनी मला स्वतः गाडीने नेलं. बाबांनी तीस वर्षं गोंडपिपरी-आष्टी-अहेरी रस्त्यावर प्रवासी जीप चालवली. लग्नाचं वऱ्हाड असो की मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला निघालेली माणसं, बाबांची जीप मिळाली की लोक खूश, कारण ती बसच्या आधी पोचायची. जंगलातल्या त्या वळणांवर स्टिअरिंगला नुसता तळवा लावून गाडी फिरवणारा माणूस. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसायला भांडायची. तोच माणूस मला नागपूरला न्यायला लागल्यापासून चाळीसच्या वर काटा जाऊ देईना. गतिरोधक दिसला की शंभर पावलं आधी गाडी रांगायला लावायची. मला उलट्या होतात म्हणून, हे मान्य. पण डोस संपले, केस परत आले, उलट्या थांबून वर्ष झालं, तरी काटा चाळीसवरच. ट्रॅक्टर हॉर्न वाजवून आमच्या पुढे जायचे. मला इतका राग यायचा की दार उघडून उतरावं आणि चालत घर गाठावं.

शर्यतीचं वेड लागलं ते डोसच्या खुर्चीत. चार तास सलाईन चालायची आणि हातात फक्त मोबाइल. त्यात एकदा एक व्हिडिओ आला. कच्चं मैदान, टायर रचून केलेली वळणं, एक साधीच जुनी गाडी धुरळा उडवत जाते, आणि शेवटी हेल्मेट काढून माझ्याच वयाची एक बाई बाहेर येते. तोंडभर माती. हसत होती. मी तो व्हिडिओ त्या दिवशी किती वेळा पाहिला असेल, नर्सबाई म्हणाल्या, "अवो, दुसरा काई लाव ना." मला दुसरं काही नको होतं. सगळ्या जगाने मला खाली निजवून ठेवलं होतं, आणि ही बाई दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आडवी घालत होती.

मलाही अशी गाडी पळवायची आहे असं घरी सांगितलं तेव्हा बाबा उठून गाईला चारा टाकायला गेले. पुढचे सात महिने मी विषय काढला की ते उठून गाईकडे जायचे. गाय मात्र चांगली धष्टपुष्ट झाली.

शेवटी आईच म्हणाली, "जाऊ द्या ना तिले. घरात येरझारा मारू मारू पोरीनं माह्यं डोकं फिरवून टाकलं."

तेव्हा बाबांनी मला समोर बसवलं. उपदेश नाही, काही नाही. एकच प्रश्न विचारला.

"पाय बराबर हायेत ना तुहे?"

हा प्रश्न उगाच आलेला नव्हता. सहाव्या डोसनंतर माझे तळपाय बधिर झाले होते. औषधाने नसांना असं होतं, परत येईलही, नाही यायचंही, असं डॉक्टर बाबांच्या समोर म्हणाले होते. त्यानंतर सहा महिने मी मोज्यांवर मोजे घातल्यासारखी चालायची. पुढे डावा पाय बराचसा परत आला. उजवा नाही आला. आजही उजव्या पायाखाली फरशी आहे की गादी हे मला बघितल्याशिवाय सांगता येत नाही. चप्पल पायातून निसटली तर चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. आणि गाडीत उजव्या पायाकडेच ब्रेक असतो, उजव्या पायाकडेच एक्सिलेटर, ज्याला आम्ही रेस म्हणतो.

"बराबर हायेत," मी म्हणाले.

"बराबर असन तं चालव. नसन तं आताच सांग. गाडी पाय पाह्यत नाई, माणूस पाह्यत नाई. मारते."

"सांगतलं ना बाबा, बराबर हायेत."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी ते साडीखाली ओढून घेतले नाहीत, उलट मुद्दाम बोटं हलवून दाखवली. बोटं हलत होतीच. जाणवत नव्हती, एवढंच. ते मान हलवून उठले, आणि या वेळी गाईकडे गेले नाहीत. माझ्या बाबांशी मी आयुष्यात पुष्कळ लहानसहान खोटं बोलले आहे, पण हे लहान नव्हतं. मी मोठ्या आवाजात आईला म्हणाले, "चहा ठेव वो, आता काई बसून नाई राहात मी."

गाडी मिस्त्री चाचांनी दिली. बसस्टँडमागे त्यांचं गॅरेज आहे, बाबांच्या जीपचं इंजिन त्यांनी तीनदा उतरवलेलं. त्यांच्याकडे एक जुनी छोटी गाडी वर्षानुवर्षं उभी होती. तिच्या मागच्या सीट काढल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केला, खांद्यावरून येणारे पट्टे लावले. चाचा काम करताना बोलत नाहीत आणि काम नसलं की थांबत नाहीत. साधी गाडी मला बाबांनी आधीच शिकवली होती; शर्यतीची शिकवताना चाचांनी पहिल्याच दिवशी डॅशबोर्डवरचा काटा चिकटपट्टीने झाकून टाकला.

"बेटी, काटा मत पाहू. इंजिन बोलते, ते ऐक. कितना रेस दिला, ते कान सांगते."

त्यांना वाटलं ते मला उत्तम ड्रायव्हर करताहेत. मला वाटलं देवच भेटला. कारण पायाला कळत नव्हतं ते आता कानाला कळायला लागलं. गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मैदानात मी पहाटे दुकान उघडायच्या आधी जायची. आवाज चढला म्हणजे पाय खोल गेला, आवाज घुसमटला म्हणजे गिअर बदल. ब्रेकला आवाज नसतो, पण पट्टा खांद्याला रुततो, त्यावरून किती दाबला ते समजायचं. तीन महिन्यांत मी विटांच्या ढिगांमधून अशी गाडी काढायला लागले की चाचा टोपी काढून डोकं खाजवायचे. मला वाटायला लागलं, पाय नाही आला तरी चालतं. मी तर त्याशिवायच शिकले. खोटं बोलून महिना झाला की ते खोटं राहत नाही, नुसती न सांगितलेली गोष्ट होते, असं मी स्वतःला समजावलं होतं.

बाबा एकदा बघायला आले. भट्टीच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मी जोरात वळण घेऊन त्यांच्या पुढ्यात गाडी आणून उभी केली. खिडकीतून आत वाकून ते म्हणाले, "दुसऱ्या वळणावर ब्रेक थोडा लवकर सोडते तू." एवढंच. पण घरी जाताना त्यांनी आमची गाडी साठवर नेली. मी काटा पाहिला आणि खिडकीबाहेर बघत बसले, नाहीतर रडले असते.

चंद्रपूरच्या एका हौशी मंडळाने मार्चच्या सुरुवातीला मूल गावाच्या रस्त्यावर, जंगलाच्या कडेच्या पडीत जमिनीवर शर्यत ठेवली. शर्यत म्हणजे गाड्या एकमेकींच्या मागे धावत नाहीत. एकेक गाडी एकटीच सुटते, टायर आणि चुन्याने आखलेल्या वाटेवर दोन फेऱ्या मारते, आणि घड्याळ बघितलं जातं. नवशिक्यांचा वेगळा गट. माझं नाव त्यात.

फॉर्म भरायला दिला. दोन पानं. मी रोज असे पन्नास फॉर्म भरते, आणि लोकांना दटावते की खरं लिहा, पुढे अडचण येते. आजाराच्या रकान्यात मी कॅन्सर लिहिला, डॉक्टरांचं पत्र जोडलं, त्यात आता तब्येत ठीक असल्याचं होतं. पायांबद्दल त्या पत्रात काही नव्हतं, कारण गाडी चालवायची आहे हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. मग पुढचा रकाना होता: हातापायांत कमजोरी, बधिरपणा किंवा इतर दोष. बाबा माझ्या बाजूलाच उभे होते, चष्मा नसल्यामुळे त्यांना अक्षरं दिसत नव्हती. मी सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं. खाली सही ठोकली.

"सगळा भरला?" बाबांनी विचारलं.

"भरला."

उन्हं चढली होती. मोहाची झाडं जमिनीच्या कडेने उभी होती, फुलं पडायला अजून वेळ होता. नागपूर-चंद्रपूरकडची पोरं रंगीत गाड्या घेऊन आली होती, चकचकीत हेल्मेटं, पायात खास बूट. माझ्या पायात चाचांनी पसंत केलेले कॅनव्हासचे बूट होते, पातळ तळाचे. "पेडल समजते," असं म्हणून त्यांनीच आणले होते. मला दोन्ही सारखेच होते.

माझा नंबर आला. पट्टे आवळले. झेंडेवाल्याने हिरवा झेंडा खाली पाडला आणि मी सुटले.

पहिली फेरी कशी झाली ते सांगायला मला आजही बरं वाटतं. ज्या अस्वस्थपणाने मला दोन वर्षं घरभर फिरवलं होतं त्याला एकदाची जागा मिळाली. गाडी वळणावर मागून घसरत होती आणि मी तिला धरून आणत होते, आवाजावर, खांद्यावर, कानावर. मानेकडे हात गेला नाही. मानेची आठवणही आली नाही. मला आठवतं, मी हेल्मेटच्या आत मोठ्याने काहीतरी ओरडत होते, आणि ते शब्द घरात बोलायचे नव्हते.

दुसऱ्या फेरीत जंगलाकडच्या लांब सरळ पट्ट्यात मी पूर्ण रेस दिला होता, तेव्हा डावीकडून रोही आली. रोही म्हणजे नीलगाय, आमच्याकडे शेताचा सगळ्यात मोठा वैरी. दोऱ्या आणि झेंडे ओलांडून ती सरळ वाटेवर उतरली. मी पाय उचलला आणि ब्रेकवर मारला.

आवाज चढला.

गाडी थांबायला हवी होती आणि इंजिन किंचाळत होतं. पाय ब्रेकवर पडला होता, पण अर्धाच. बुटाची दुसरी कड रेसवर होती, आणि मी जीव खाऊन दोन्ही एकदम दाबत होते. पायाने मला काहीही सांगितलं नाही. कानाने सांगितलं. मी पाय वर ओढला, डावीकडे सरकवून पुन्हा मारला, पट्टा खांद्यात रुतला, गाडी आडवी होऊन धुरळ्यात उभी राहिली. रोही पुढे निघून गेली होती. तिच्या मागच्या पायांची माती माझ्या काचेवर पडली. दोन हात अंतर असेल. 

समोरच्या वळणावरचा झेंडेवाला हातवारे करत होता, जा, जा. घड्याळ चालू होतं. वाट मोकळी दिसत होती. आणि मी बसून राहिले. यात हुशारी काही नव्हती. जंगलातल्या रस्त्यावर गाडी शिकलेल्या माणसाचे हातच तसे होतात. बाबांनी मला गिअर शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं की रस्त्यातून एक जनावर गेलं की गाडी सुरू करायची नाही, कारण रोही, चितळ, डुक्कर एकटं हिंडत नाही. ज्याला धडक बसते ते नेहमी मागून येणारं असतं. अहेरीच्या रस्त्यावर बाबा अशा वेळी गाडी बंद करून सुपारी काढायचे. शर्यतीत घड्याळाशी झुंजणाऱ्या कुणाला हे सुचणार नाही. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून वाट पाहत राहिले, आणि झेंडेवाला डोक्यावर हात मारून घेत होता.

मग झुडपं हलली आणि एकामागून एक पाच आल्या. शेवटी एक पिल्लू, धापा टाकत. सगळ्या गेल्यावर मी हळू गाडी काढली आणि फेरी पूर्ण केली. वेळ शेवटून पहिला.

गाडीतून उतरले तर लोक टाळ्या वाजवत होते. नागपूरच्या एका पोराने विचारलं, "मॅडम, पहली तो निकल गई थी, फिर क्यूं रुके रहे?" मी उत्तर द्यायच्या आधी बाबा आले. त्यांचा चेहरा मी असा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मान ताठ. ते त्या पोराला सांगू लागले, मग मंडळाच्या माणसाला, मग चहावाल्याला.

"मीनं शिकवलं हाये तिले. एक गेला की दुसरा येते. लोक हुशारी करते अन् मरते. पाह्यलं ना तुमी, कशी थांबली? घड्याळ चालू हाये, लोक बोंबलून राह्यले, तरी थांबली. अन् पहिला ब्रेक पाह्यला का? एकदम बराबर."

एकदम बराबर. मी हेल्मेट हातात धरून उभी होते आणि उजवा पाय जमिनीवर टेकलाय की नाही ते मला कळत नव्हतं.

मंडळाचा माणूस म्हणाला की जनावर आडवं आलं म्हणून तुम्हाला पुन्हा संधी मिळेल, अर्ध्या तासाने, दोन्ही फेऱ्या नव्याने. पहिल्या फेरीचा वेळ चांगला होता म्हणे, तसाच आला तर गटात वर जाल. चाचा लगेच बोनेट उघडायला पळाले. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. डोस सुरू झाल्यापासून माझ्या अंगाला त्यांनी हात लावला होता तो आधार द्यायला. ही थाप वेगळी होती, जीपमधल्या जोडीदाराच्या पाठीवर मारतात तशी.

मला पुन्हा गाडीत बसायचं होतं. हे मी लपवत नाही. त्या पहिल्या फेरीसाठी मी अजून दहा रकाने खोटे भरले असते. पण वाटेच्या कडेला, दोरीला टेकून, माणसं उभी होती. पुढच्या वेळी जनावर आलं नाही आणि पाय नुसता घसरला तर? गाडी पाय पाहत नाही, माणूस पाहत नाही. मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा माझ्या एका वाक्याने उतरणार होता, आणि ते वाक्य मला त्यांना एकट्याला गाठून सांगायलाही सुचलं नाही. तिथेच, चाचांसमोर, मंडळाच्या माणसासमोर बोलले.

"बाबा, ब्रेक बराबर नव्हता लागला. पाय रेसवर पन होता. मले समजलं नाई."

"काऊन नाई समजलं? बूट अडकला?"

"नाई. उजव्या पायाले काई जाणवत नाई मले. डोसपासून. आलाच नाई तो परत. मी खोटं सांगतलं तुमाले. फॉर्मातही खोटं लिवलं."

मंडळाच्या माणसाने हळूच फॉर्मची फाईल काढली. चाचा बोनेटखालून बाहेर आले. बाबा असे फुटले की चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला.

"अक्कल गहाण ठेवली का तुनं? माणसं उभी हायेत तिथी! लेकराबाळाची माणसं! मीनं विचारलं होतं का नाई तुले, तोंडावर विचारलं होतं का नाई? बोटं हालवून दाखवते मले! कोनाले मारलं असतं म्हंजे? तू मेली असती म्हंजे? नागपूरले बारा चकरा कायले मारल्या मंग मी? यासाठी? बेशरम! कारटी!"

ते थांबेचनात. हेल्मेट माझ्या हातातून ओढून घेतलं आणि मातीत आपटलं. लोक जमले. मला लाज वाटायला हवी होती, वाटतही होती. पण त्या शिव्या कानांवर पडत असताना माझ्या एकदम लक्षात आलं की गेल्या तीन वर्षांत मला कुणी रागावलंच नव्हतं. दूध उतू गेलं तरी नाही, दुकानाचं कुलूप उघडं राहिलं तरी नाही. आजारी माणसाला कोण रागावणार. सगळे माझ्याशी इतके गोड बोलत होते की मी घरात राहतेय की पाहुणी आलेय हेच कळेनासं झालं होतं. आणि आता हा माणूस माझ्यावर गाव गोळा करून ओरडत होता, जशी मी उद्याही असणार आहे, परवाही असणार आहे, आणि माझी खोड आत्ताच मोडायला हवी. मी हमसून हमसून रडले. त्यांना वाटलं शिव्यांमुळे. होतंही तसंच, पण उलट्या बाजूने.

माझं नाव यादीतून काढलं. मंडळाचा माणूस म्हणाला की डॉक्टरांचं नवं पत्र आणा, हाताने चालणाऱ्या ब्रेकच्या गाड्याही असतात, विचारून पाहू. हे तो सांगत होता तेव्हा बाबा दुसरीकडे तोंड करून उभे होते. उरलेल्या शर्यती आम्ही दोरीमागून पाहिल्या. मग लोक गाड्या घेऊन निघाले, दोऱ्या गुंडाळल्या गेल्या, आणि मैदानात आमची छोटी गाडी आणि आम्ही तिघं उरलो. चाचा आम्हाला नेणारी गाडी आणायला रस्त्याकडे गेले.

बाबा म्हणाले, "बस आत."

"कायले?"

"बस म्हनलं ना. चाबी नाई देत, भेऊ नको."

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. बाबा उघड्या दाराशी खाली मातीत बसले. गुडघे दुखतात त्यांचे, कण्हत बसले. मग त्यांनी माझा उजवा बूट काढला, मोजा काढला, आणि आपला हात आत घालून तळवा ब्रेकच्या पेडलवर उताणा ठेवला.

"ठेव पाय."

मी पाय ठेवला आणि खाली वाकले. त्यांच्या अंगाला पाय लागला की नमस्कार करायची लहानपणापासूनची सवय आहे.

"नमस्कार मंग कर. आधी दाब."

मी दाबलं. त्यांचा हात माझ्या पायाखाली होता आणि मला तो जाणवत नव्हता. हे मी शब्दांत कधीच नीट सांगू शकणार नाही. ज्या हाताने तीस वर्षं जीप फिरवली, ज्या हाताने उलटीचं भांडं धरलं, तो हात माझ्या पायाखाली होता आणि तिथे मला काही म्हणजे काहीच नव्हतं.

"समजलं का काई?"

"नाई बाबा."

"अजून दाब. जोरानं. लाजू नको."

मी जोराने दाबलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचा जबडा आवळला, डाव्या डोळ्याशी सुरकुती उठली. मी पाय सैल केला, सुरकुती गेली. पुन्हा दाबला, उठली. किती जोर लागतोय ते पायाने सांगितलं नाही, कानाने सांगितलं नाही, ते मला बाबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"दुखून राह्यलं का?" मी विचारलं.

"दुखते तं," ते म्हणाले. "दाब."